डोहाईच्या करवल्या

"काकी, करवल्या कुठं गेल्या?"

वैदेही डोहात कमरेपर्यंत उभी होती. पाण्यात बघायचा चष्मा कपाळावर चढवलेला, ओठ गारठ्याने निळसर. मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून खडसांना भाताची शितं टाकत होते.

"असतील की गोट्यांच्या आड," मी म्हटलं. "लाजऱ्या आहेत त्या. तू धडधडत उतरलीस, लपल्या असतील."

"दोन तास झाले मला उतरून. मागच्या खेपेला पाय बुडवला तर पोटरीला गुदगुल्या करत होत्या." तिने चष्मा परत डोळ्यांवर ओढला आणि पाण्यात डोकं घातलं.

खडस वर येत होते. हात-हातभर लांब, सोनेरी खवल्यांचे, तोंडं उघडून. त्यांच्या पोटाखाली नेहमी जी लाल रेघांची लगबग असायची ती मीही शोधू लागले. दिसेना. आणि ती कधीपासून दिसत नव्हती हेही मला आठवेना. डोहात शितं पडल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा माझा नेम लग्न होऊन आले त्या वर्षीपासूनचा. म्हणजे मी रोज तिथं होते. पण बघत होते ते खडसांकडे.

ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. कोणाला सांगितली नव्हती.

कोंडवडी म्हणजे घाटाच्या पायथ्याची चाळीस घरं. कुसवडी नदी वरच्या रानातून उतरते, देवळाशी तिचा डोह होतो आणि तिथून ती तीन पुरुष उंचीच्या कड्यावरून खाली गावाकडे पडते. डोहाच्या काठावर डोहाईचं देऊळ. देवी म्हणजे काळा उभा पाषाण, त्याला चांदीचे डोळे. आम्ही तिथले गुरव. डोहातला जीव देवीचा, हा गावाचा कायदा. गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही, मेलेला मासा वर आला तरी त्याला फूल वाहून काठाला पुरायचं. खडस ह्या देवीच्या नवऱ्या, आणि त्यांच्याभोवती घोळक्याने फिरणाऱ्या त्या पेरभर लांबीच्या मासोळ्या म्हणजे करवल्या. पाठ शेवाळी, कुशीवर कुंकवाची काडी ओढावी तशी लाल रेघ. लग्नाच्या पोरींना आमच्याकडे अजून म्हणतात, "करवल्यांसारख्या चुळबुळ करू नका."

वैदेही तांडेल पहिल्यांदा आली होती ती त्याआधी दोन वर्षं, मार्गशीर्षात. पुण्याला मोठ्या परीक्षेसाठी गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास करत होती. मूळची कोळ्यांची, अलिबागेकडची. आठ दिवस आमच्याच पडवीत राहिली. ह्यांनी पहिल्याच दिवशी तिला छेडलं होतं, "काय गो बाय, तुमच्याकडे तर मासा दिसला की तव्यावर. तू आणि राखणार?"

"म्हणून तर मला ओळखता येतो, काका. आमच्याकडे आधी चव घेतात, मग नाव विचारतात." मग माझ्याकडे वळून, "काकी माळ घातलेल्या, म्हणून त्यांच्या हाताला मासे येतात. मला बघून पळतात. आमच्या सात पिढ्यांचा वास येत असणार त्यांना."

मला ती आवडली. माझ्या प्रदोषाला तीही उपाशी राहिली, न सांगता. शेवटच्या दिवशी काठावर बसून तिने मला करवलीचं सांगितलं. ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं.

"काकी, ही करवली दुसरीकडे कुठंच नाही. मी खालची नदी बघितली, शेजारच्या चार नद्या बघितल्या. फक्त हा डोह आणि त्याच्या वरचं ते लहान कुंड."

"बाई गं. एकटीच?"

"भावकी आहे की. घाटापलीकडे एक चुलत बहीण आहे, तिला रेघ नाही. केरळात दोघी. आणि थेट आसामच्या डोंगरात, ब्रह्मदेशातसुद्धा."

"एवढीशी पोर तिकडं गेली कशी?"

"गेली नाही. पूर्वी नद्या एकमेकींना मिळत होत्या. मग डोंगर झिजले, नद्यांनी वाटा बदलल्या, मधला मुलूख कोरडा पडला. जी जिथं होती ती तिथं अडकली. हिच्या मागं हा धबधबा तयार झाला. खालचं कोणी वर चढू शकेना, वरून पडलेलं परत येईना. मग आईची लेक, लेकीची लेक, ह्याच पाण्यात. इथं तळाला गोटे, गोट्यांवर शेवाळ, म्हणून तोंड खालच्या बाजूला वळलं. पाणी जसं शिकवत गेलं तशी ती घडत गेली."

"किती वर्षं?"

"लाखो."

मी आपली सोळा सोमवारांत हिशेब करणारी बाई. मी विचारलं, "म्हणजे देवीच्याही आधीपासून?"

"देवळाच्या नक्की आधीपासून," ती हसली. "देवीचं तुम्हाला ठाऊक."

मग तिने हळूच मागितलं. पाच करवल्या. जगाला सांगायचं की ही जात आहे, तिला शास्त्राचं नाव द्यायचं, तर पाच तरी जीव औषधाच्या बाटलीत कायमचे ठेवावे लागतात म्हणाली. एकदा नाव मिळालं की सरकारदरबारी राखणीचं बोलता येतं.

"देवीचा जीव बाटलीत?" मी म्हटलं. "नको बाई. एकही नको."

तिने वाद घातला नाही. फोटो काढले, डोहाला नमस्कार केला आणि गेली.

आता दोन वर्षांनी ती परत आली होती, आणि ह्या खेपेला पाच मागायलासुद्धा करवली नव्हती.

पहिला दिवस असाच गेला. संध्याकाळी ती पडवीत बसून विचारत होती. वर कोणी सुरुंग लावले का? फवारणीचं औषध पाण्यात आलं का? मागचा उन्हाळा फार कडक होता का?

"छे गो," हे म्हणाले. "डोह कधी आटला नाही. आणि औषध टाकील कोण? देवी हात झाडून टाकील त्याचा."

"मग खडस कसे आहेत, आणि ह्याच कशा नाहीत?" ती म्हणाली. "काकी, उद्या जाळं टाकू द्या. धरून बघते, लगेच सोडते. एकालाही इजा होणार नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सोडणार असलीस तर टाक."

हे त्या वेळी हिंडत-फिरत होते, पण जेवण तुटलेलं होतं, अंग अजून भरलं नव्हतं. वैदेही पहिल्यांदा येऊन गेली त्या माघात ह्यांना कावीळ झाली. झाडपाला झाला, तालुक्याचा दवाखाना झाला. अन्नाचा वास सहन होईना. डोळे हळदीत बुडवल्यासारखे झाले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, यकृतावर गेलंय, घरी न्या. मी त्यांना घरी आणलं आणि देवीपुढे पदर पसरला. एका जिवाच्या बदल्यात तुझ्या डोहात एकवीस जीव सोडीन म्हटलं. आमच्याकडे जीवदानाचा नवस जुना आहे, पण लोक एखादं कासव, एखादा कोंबडा सोडतात. मासे सोडायचं माझ्या मनात आलं, कारण डोह माशांचा. चौदाव्या दिवशी ह्यांनी पेज मागून घेतली. महिन्याभरात देवळाच्या पायऱ्या चढले. सगळा गाव म्हणाला, द्वारकावहिनींच्या नेमाचं फळ.

वैदेहीला हे सगळं ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. आणि मला तरी कुठं वाटलं होतं की त्याचा ह्याच्याशी संबंध आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खोल बाजूला जाळं लावलं. तासाभराने ओढायला लागली तर जाळं हिसके देऊ लागलं. हेही मदतीला उतरले. जाळ्यात खडस नव्हता. हातभर लांबीचा काळा, चिकट, चपट्या डोक्याचा मासा होता, तोंडाभोवती आठ मिशा. तिने तो पाण्याने भरलेल्या बादलीत टाकला. बादली थडथडायला लागली.

वैदेहीचा चेहरा एकदम उतरला. "हा इथं कसा आला?"

"अरे!" हे कौतुकाने वाकले. "अगो, बघ तर. हा आपला! केवढा झालाय!"

"तुमचा?"

"नवसाचा गो. माझ्या दुखण्यात हिने एकवीस सोडले होते. त्यांतला हा."

वैदेही माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. मला तेव्हाही अभिमानच वाटत होता, हे लपवत नाही.

"कुठून आणले, काकी?"

"आठवड्याच्या बाजारातून. निळ्या पिंपात जिवंत होते. बाई म्हणाली, मांगूर आहे. म्हटलं, सोडायला हवेत, घरी नेईपर्यंत मरणारे नकोत. तर हसली. म्हणाली, ताई, ह्याला चिखलात टाका, पाण्याबाहेर ठेवा, हा मरायचा नाही. म्हणून तेच घेतले. दोन डब्यांत भरून, झाकणाला कुंकू लावून एसटीने आणले." मी बोलत होते आणि तिचा चेहरा बघून माझा आवाज बारीक होत होता. "मला काय कळणार गं मासे? चांगला असतो ना हा?"

ती उत्तर देणार तोच बादलीतला मांगूर तळमळला आणि त्याने पोटातलं ओकून टाकलं. भाताची शितं आली. माझीच, सकाळची. बेडकाची तंगडी आली. आणि एक पेरभर मासोळी, अर्धी विरघळलेली. शेपटीकडच्या भागावर लाल रेघ अजून होती.

वैदेहीने ती तळहातावर घेतली. मी वाट बघत होते की ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हा आपल्याकडचा नाही, काकी," ती हळू म्हणाली. "आपला मांगूर वेगळा, लहान, गरीब असतो. हा आफ्रिकेतला. विकायलासुद्धा बंदी आहे, पण चोरून पाळतात. ह्याला तोंडापुढे काहीही चालतं. करवल्यांना असं काही ठाऊकच नव्हतं. धबधब्यामुळे खालून कोणी आलंच नव्हतं त्यांच्यापर्यंत. पळायचं कोणापासून, हे त्या कधी शिकल्याच नाहीत."

"आणि मी एसटीने आणून सोडला," मी म्हटलं.

हे दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "म्हणजे काय झालं?" त्यांनी विचारलं. वैदेहीने परत एकदा सांगितलं. त्यांनी बादली उचलली आणि मांगूर अलगद पाण्यात सोडून दिला. तिने अडवलं नाही. सोडण्याच्या बोलीवरच जाळं लावलेलं.

दुपारी ती मला वरच्या कुंडावर घेऊन गेली. खडकांतून अर्ध्या तासाची चढण. कुंड म्हणजे आमच्या माजघराएवढं पाणी, काठाला कळकाचं बेट. ती उतरली, आणि फार वेळ वर आली नाही. मी जपमाळ काढली, पण बोटं पुढे सरकेनात.

डोकं वर काढलं ते ओरडतच. "सात! काकी, सात आहेत!"

मी पदर तोंडाला लावला. रडू आलं.

"आणि मांगूर दोन," ती म्हणाली. "पावसात ओल्या खडकावरून सरपटत चढले असणार. हे चढतात." ती काठावर येऊन बसली. दातावर दात आपटत होते, पण डोळे चमकत होते. "ऐका. अजून वेळ आहे. पाऊस लागायच्या आत खालचे-वरचे सगळे मांगूर काढायचे. मी पुण्याहून चार पोरं आणते, महिनाभर बसू. आणि तोवर ह्या सात मला द्या. मारणार नाही, काकी, शप्पथ. काचेच्या टाकीत ह्यांचंच पाणी घालून ठेवते. ह्यांची अंडी झाली, पिल्लं झाली की परत आणून सोडते. तुमच्या हाताने सोडा."

"होईल असं?"

"सातांचं काही सांगता येत नाही. पण ह्या पावसात आणखी मांगूर वर चढले की मग काहीच उरणार नाही. एवढं मात्र सांगता येतं."

गावात ही गोष्ट माझ्या हो-नाहीची नव्हती. डोहातला जीव हलवायचा, आणि वर मारायचा, तर देवीचा कौल हवा. संध्याकाळी मानकरी भिकाजी शेलार आले. पडवीत बसून सगळं ऐकून घेतलं आणि वैदेहीला म्हणाले, "कोळ्याची पोर ती कोळ्याचीच. शेवटी जाळं घेऊनच आलीस."

"होय, शेलारमामा," ती म्हणाली. "पण विचारून आलेय. पुण्याचे सर म्हणाले होते, गाव ऐकत नसेल तर पहाटे चार पिशव्या भरून आण. मला नाही जमणार. आमच्याकडे नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. देवी नाही म्हणाली तर मी रिकाम्या हाताने जाईन."

शेलारांना ते पटलं. "उद्या सकाळी कौल लावू," म्हणाले. "ह्यात माणसाने बोलायचं काम नाही."

ते गेले, वैदेही आत निजायला गेली. ह्यांनी कंदिलाची वात बारीक केली आणि म्हणाले, "अगो, माझ्या नावाने सोडलेले जीव. आपणच दिले आणि आपणच मारायचे?"

"देवी काय ते ठरवील."

"नवस उलटतो असा. माझा जीव त्यांच्यात आहे गो. एकवीस आहेत म्हणून मी आहे."

"असं नाही बोलू."

"तुला ते दिवस आठवत नाहीत," ते म्हणाले. "मला आठवतात."

मला आठवत होते. त्यांच्या अंगाला येणारा तो वास आठवत होता, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेताना माझ्या मंगळसूत्राकडे टाकलेली नजरही.

सकाळी मी नेहमीसारखी तगरीची फुलं काढली, पाकळ्या सोडवून पाण्यात घातल्या. आमच्याकडे कौल असा: देवीच्या उजव्या अंगाला एक ओली पाकळी चिकटवायची, डाव्या अंगाला एक. गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ह्यांनी स्नान करून पूजा केली, देवीला गंध लावलं, सोवळ्याच्या कडेला हात पुसला आणि पाकळ्या लावल्या. शेलार हात जोडून उंबऱ्याशी. त्यांच्यामागे गावातली पाच-सहा माणसं. वैदेहीने डोक्यावर ओढणी घेतली होती. तिने नारळ ठेवला.

ह्यांनी गाऱ्हाणं घातलं, घसा खाकरून, मोठ्याने. "बाय डोहाई माते! हे लेकरू पुण्याहून तुझ्या दारात आलंय. डोहातला, कुंडातला जीव हलवायचा म्हणतंय. तुझी मर्जी असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. लेकरांना कोड्यात ठेवू नको गे माये."

सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. मी मनातल्या मनात म्हणत होते, उजवी दे. खरंच म्हणत होते. पाण्याचा थेंब पाषाणावरून ओघळला. बराच वेळ गेला. डावी पाकळी हलली, घसरली आणि देवीच्या पायाशी पडली.

"डावी," शेलार म्हणाले.

वैदेहीने वाकून नमस्कार केला. तिचं कपाळ फरशीवर क्षणभर जास्तच टेकलेलं राहिलं. मग ती उठली आणि पडवीत जाऊन सामान बांधायला लागली. जाळं तिने नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. अकराची एसटी होती.

माणसं पांगली. हे ओवरीत जाऊन पान लावत बसले. मी गाभाऱ्यात निर्माल्य काढायला गेले. तेवीस वर्षं ते काम माझंच. कौलाच्या पाकळ्या कशा पडतात ते मी शेकडो वेळा बघितलंय. डावी पडली की उजवीही घटकाभरात सुकून आपोआप पडते. त्या दिवशी उजवी तशीच होती. मी बोट लावलं तरी सुटेना. नखाने काढावी लागली.

पाकळीच्या पाठीला चंदनाच्या गंधाचा लेप होता. बोटाच्या टोकाएवढा. सुकून घट्ट झालेला.

मी ती पाकळी तळहातावर घेऊन उभी राहिले. चुकूनही लागला असेल, असं म्हणून बघितलं. पण ह्यांनी हात पुसलेला मी बघितला होता, आणि डाव्या पाकळीला काही नव्हतं. ओवरीतून अडकित्त्याचा आवाज येत होता. तो थांबला. मी मान वळवली, तर हे माझ्याकडे बघत होते. माझ्या हाताकडे.

"काय?" ते म्हणाले.

"निर्माल्य काढतेय."

"हं." अडकित्ता परत सुरू झाला.

मी पाकळी निर्माल्याच्या टोपलीत टाकली, वर फुलं घातली आणि टोपली डोहात रिकामी करून आले. शेलारांचं घर देवळापासून शंभर पावलांवर. मी हाक मारली असती तर ते परत आले असते आणि कौल पुन्हा लागला असता. ह्यांचं देवीपुढचं गुरवपण मात्र त्या दिवशी संपलं असतं. आणि कौल उजवा पडला असता, मांगूर मेले असते, आणि मग ह्यांना ताप जरी आला असता तरी... एवढं सगळं मी घाटावर उभं राहून मोजलं. देवीचं नाव त्यात एकदाही आलं नाही.

वैदेहीला मी फाट्यापर्यंत सोडायला गेले. तिच्यासाठी दशम्या बांधून दिल्या होत्या. फाट्यावर वडाच्या पारावर बसलो, तेव्हा लांबून एसटीचा आवाज यायला लागला.

"काकी, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"कौल खरा असतो ना? म्हणजे, तुम्ही एवढी वर्षं बघताय. तुम्ही म्हणालात तर मी मानीन. मग पुन्हा कोणापुढे हा विषय काढणार नाही. अर्ज नाही, तक्रार नाही."

धूळ उडवत एसटी वळणावर आली. तिने पिशवी खांद्यावर घेतली, पण डोळे माझ्यावरच होते.

"असतो," मी म्हटलं.

ती माझ्या पाया पडली. "मग बरं," म्हणाली. "मला वाटत होतं, मी नीट विनवलं नाही."

पुढचं सांगून टाकते. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. कार्तिकात मी एकटी कुंडावर गेले. पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे मोजता येत होते. कळकाचं पान पाण्यात पडलं तरी ते काळे लगेच वर यायचे, मिशा हलवत. मी सूर्य कलेपर्यंत बसले. त्यानंतरच्या वर्षी खडसांची पिल्लंही दिसेनाशी झाली. वैदेहीचं एक पत्र आलं होतं, तिच्याजवळच्या जुन्या फोटोंवरून जातीला नाव देता येत नाही, शास्त्रात तसं चालत नाही, असं. म्हणजे ती करवली होती, हे आता आम्ही सांगितलं तरच. मी उत्तर लिहायला घेतलं होतं. कार्ड अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे, पत्ता घातलेलं, बाकी कोरं. हे त्यानंतर नऊ वर्षं जगले. झोपेत गेले. सुखाने गेले, असं लोक म्हणाले.

पण मला राहून राहून आठवते ती त्याच दिवशीची दुपार. फाट्यावरून मी घरी आले, तर हे ओटीवर बसले होते.

"गेली?"

"गेली."

"काही बोलली?"

"नाही."

त्यांनी पानाचा डबा मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "भूक लागलीय गो."

मी पान मांडलं. भात, कुळथाचं पिठलं, वर तूप. कावीळ झाल्यापासून ते दोन घासांवर पानावरून उठत असत, मला विनवण्या कराव्या लागत. त्या दिवशी त्यांनी भात तीनदा मागून घेतला, आणि मी तीनदा वाढला.